भोंगा वाजला की दार उघडतं

आमच्या घरात धूर नसताना अलार्म वाजतो, आणि अलार्म वाजला की पुढचं दार आपोआप उघडायचं. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता सांगताना मलाच खोटं वाटायला लागतं. ऐकणारा हसतो. म्हणतो, "मग काढून टाका की ते." मग मला पुढचं सांगावं लागतं, की दार उघडलं की आबा कामावर निघायचे. कामावरून रिटायर होऊन त्यांना किती वर्षं झाली हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"आमच्या घरात" असं लिहिलं खरं, पण घर माझं नाही. मी यवतमाळकडची. सातवीत शाळा सुटली, नंतर कापूस वेचला, नंतर लोकांची आजारी माणसं सांभाळली. तसंच एका घरून दुसऱ्या घरी करत नगरला, सावेडीतल्या या घरी आले. आबांच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांच्यासाठी. त्यांना मी आक्का म्हणायचे. आल्या दिवशी आक्कांनी पलंगावरूनच मला मागची खोली दाखवायला लावली आणि म्हणाल्या, "कडी आतनं हाय. लावून झोपत जा." एवढंच. पण आतून कडी लागणारी खोली मला तोवर कुठंच मिळाली नव्हती. त्या रात्री मी कडी लावली, काढली, परत लावली.

आबा तेव्हा चांगले होते. सकाळी पेपर माझ्या पुढ्यात टाकायचे आणि मोठ्यानं वाचायला लावायचे. अडखळले तर पुढं जाऊ द्यायचे नाहीत. मी "मले नाही येत" म्हटलं की म्हणायचे, "मले-तुले नंतर. आधी वाच." आज हे जे लिहिते आहे ते त्या पेपरांवर झालेलं शिक्षण. आक्का गेल्या, आबांचं विसरणं वाढत गेलं, आणि मी इथंच राहिले. कुणी थांब म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

दादा म्हणजे आबांचा मुलगा. जर्मनीत असतो. दादा वाईट माणूस नाही, हे मला आधीच सांगून ठेवायचंय. रोज फोन करतो, मला ताई म्हणतो, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानंच बसल्या जागेवरून पैसे पाठवून करून दिलं. एकदा मी मेडिकलात गेले असताना आबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि अंगणात जाऊन बसले. मी आले तेव्हा घरातून धूर येत होता आणि आबा पेरूच्या झाडाखाली निवांत. पातेलं जळून कोळसा झालं होतं. दादाला मी फोनवर सांगितलं. दिवाळीला आला तेव्हा बॅग भरून सामान घेऊन आला.

छताला प्रत्येक खोलीत एकेक पांढरी, उपड्या वाटीसारखी वस्तू बसली. एक वाजली की सगळ्या वाजतात. आधी कान फाडणारा आवाज, मग एक बाई इंग्रजीत सांगते की अमुक खोलीत धूर आहे. पुढच्या दाराला आतून-बाहेरून आकडे दाबायचं कुलूप बसलं. आकडे मला माहीत, आबांना नाहीत. म्हणजे आबा एकटे बाहेर जाणार नाहीत. पण खरंच आग लागली तर माणसं आत कोंडून मरायला नकोत, म्हणून दादानं अलार्म आणि कुलूप एकमेकांना जोडून दिलं. अलार्म वाजला की कुलूप आपणहून खट् करून उघडणार. मला समजावून सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता, जसा आईला पहिल्या पगाराची साडी देताना पोराचा होतो. मीही म्हटलं, "लय चांगलं केलं दादा." तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

आवाज बंद करायचं बटण दादाच्या फोनमध्ये आहे. माझ्या फोनमध्येही त्यानं ते अ‍ॅप टाकून दिलंय, पण त्यात मी पाहुणी आहे. पाहुण्याला आग लागलेली दिसते, थांबवता येत नाही. आधी मी झाडूच्या दांड्यानं वाटीचं मधलं बटण दाबून तिला गप्प करायचे. ते पाहून आबांनी काठीनं एक वाटी खालीच पाडली, तेव्हा दादानं ती सोयही काढून घेतली.

आता गंमत अशी की ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या, शेजारच्या काकू त्यांच्या ओट्यावर खोकायला लागल्या, तरी वाटी गप्प. भाकरी करपली, गप्प. देवापुढं ऊद घातला, गप्प. आणि दुपारी सगळं आवरून मी तांदूळ निवडत बसले, चिमणीसुद्धा बोलत नाहीये, अशा वेळी ती किंचाळणार. स्वयंपाकघरात धूर आहे म्हणणार. मी पहिल्यांदा धावत गेले होते. ओटा पुसलेला, गॅस थंड, कढईवर झाकण. मी झाकण उचलूनसुद्धा पाहिलं.

आणि तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. "माझा शर्ट कुठाय?"

आबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. नगरपासून उत्तरेला, बसनं जायचं तर बराच वेळ लागतो असा तो कारखाना. तिथं पाळी बदलायची वेळ झाली की भोंगा व्हायचा, आणि भोंगा वाजायचा बॉयलरच्या वाफेवर, म्हणजे आबांच्याच खात्यातून. आक्का सांगायच्या की पंचक्रोशीतली माणसं भोंग्यावर स्वयंपाकाला लागायची, भोंग्यावर पोरांना शाळेत धाडायची. आबांच्या डोक्यातून बरंच पुसलं गेलंय. आक्का गेल्या हे पुसलं गेलंय, माझं नाव येतं-जातं. पण भोंगा कुठल्या तळाशी जाऊन बसलाय कुणास ठाऊक, तो तसाच आहे. छतावरची वाटी किंचाळली की ते उठतात, आणि त्यांचा चेहरा एकदम साफ होतो. इतर वेळी बघावं तर कुठं हात ठेवावा, कुठं पाय ठेवावा यात गोंधळलेला माणूस. त्या वेळी बटणंसुद्धा नीट लावतात.

"आबा, तो भोंगा नाही. ते मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडलंय म्हणूनच जायचंय ना! हो बाजूला."

पहिल्यांदा ते गेले ते असे गेले की मला कळलंच नाही. मी मागं मोरीवर कपडे धूत होते. आवाज झाला, हात पुसत पुढं आले तर दार सताड उघडं. मनमाड रोड आमच्या घरापासून जवळ आहे, त्या रोडवरून कशी वाहनं जातात ते इथल्यांना सांगायला नको. आबा कडेला उभे होते, कारखान्याची गाडी येईल म्हणून वाट बघत. प्रत्येक ट्रकला हात करत होते. एक ट्रक त्यांच्या इतक्या जवळून गेला की त्यांची टोपी उडाली. मी टोपी उचलायला वाकले नाही, आधी त्यांचा दंड धरला.

दादानं दिवाळीत हॉलमध्ये कॅमेराही बसवला होता, त्यात त्याला आबा निघालेले दिसले होते. संध्याकाळी फोन आला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "ताई, पुण्यात एक संस्था बघून ठेवलीये मी. चांगली आहे. डॉक्टर असतात. परत असं झालं तर मला दुसरा रस्ता नाही."

मी म्हटलं, "परत नाही होणार, दादा."

कशाच्या जोरावर म्हटलं, मला माहीत नाही. वाटी कधी वाजेल हे माझ्या हातात नव्हतं. पण इथं आबांना निदान मोरी कुठं आहे ते अंधारात चाचपडत का होईना सापडतं. भिंतीचा कोपरा हाताला ओळखीचा लागला की ते शांत होतात. एकदा दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं तर ते पलंगाच्या दांडीला धरून बसून राहिले, झोपले नाहीत, जेवले नाहीत. पुण्याच्या त्या चांगल्या संस्थेत त्यांचं काय होईल ते मला तिथं न जाता दिसत होतं. आणि माझं काय होईल तेही दिसत होतं, ते खोटं कशाला बोलू. पण पहिलं आधी दिसलं.

त्यानंतर मी घरात राहिले ती अशी, जशी मांजर बिळापाशी राहते. आंघोळ करायची तर दार किलकिलं ठेवून, अंगावर दोन तांबे ओतून बाहेर. कपडे धुवायचे ते आबा झोपल्यावर. भाजी आणायला काकूंना सांगायचं. आबांच्या चपला मी पिठाच्या डब्यामागं लपवल्या, तर ते अनवाणी निघाले. शर्ट लपवला, तर माझी शाल पांघरून निघाले. पुढच्या दारासमोर मी चटई टाकली आणि तिथंच बसायला लागले. तिथंच तांदूळ, तिथंच शेंगा, तिथंच भाजी चिरणं. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, तुला पण कामाला लावलं का वॉचमनच्या?"

"हाओ काकू. पगार वेगळा सांगितलाय."

"तिकडं यवतमाळला कुणी वाट बघत असंल ना तुझी?"

आई बघत होती. ऑपरेशननंतर तिला सगळं दिसायला लागलं होतं, फक्त मी दिसले नव्हते. फोनवर म्हणायची, "एक डाव ये नं, तुझं तोंड पाहू दे." मी म्हणायचे येते. कशी जाणार? माझ्या जागी कोण बसणार त्या चटईवर?

पुण्याहून दुरुस्तीवाला आला. शिकलेला, नम्र पोरगा. शिडीवर चढला, वाट्या उघडल्या, फुंकर मारायच्या डब्यानं धूळ उडवली. म्हणाला धूळ होती. वाट्या आठवडाभर गप्प राहिल्या, मग पुन्हा. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला नेटचा प्रॉब्लेम. तिसऱ्यांदा त्यानं सगळ्या बदलून नव्या लावल्या. नव्यांचा आवाज जास्त मोठा होता. जाताना मला म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या हिशेबानं तर हे बरोबर चाललंय." मी त्याला चहा दिला. त्याचा तरी काय दोष.

मग तो दिवस. मी केसांना शिकेकाई लावली होती. बऱ्याच दिवसांनी, कारण डोकं खाजून बेजार झालं होतं आणि आबा नुकतेच जेवून आडवे झाले होते. डोक्यावर फेस, डोळे मिटलेले, आणि वरून ती किंचाळली. मी डोळे चोळत, साडी कशीबशी गुंडाळत बाहेर आले. पलंग रिकामा. दाराकडून वारा येत होता.

मनमाड रोडला मी पळत गेले. केसांतून पाणी पाठीवर, डोळे आगआग करतायत, लोक बघतायत. कडेला आबा नव्हते. मी या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. रस्त्यावर काही पडलेलं नाही ना, हे आधी पाहिलं.

मग घुंगरू ऐकू आले. कडेला रसवंती आहे, तिच्या चरकाला घुंगरू बांधलेत. चरकाशेजारी आबा उभे होते आणि रसवंतीवाल्याला झापत होते.

"ह्यो ऊस हाय का चिपाड? कधी तोडलाय ह्यो? वाळून गेलाय पार."

"आजच आलाय, आबा."

"मला शिकवू नको. अशा उसाला साखरेचा उतारा काय मिळणार? आन् चिपाडं उघड्यावर टाकलीत. ओली झाली तर बॉयलरला काय घालायचं, तुझं डोकं?"

"माझ्या डोक्यात भुसाच हाय, जळंल चांगला," रसवंतीवाला म्हणाला. गिऱ्हाईकं हसली. मला पाहिल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचे का? मगाधरनं इथंच हायेत. मी बाकड्यावर बशिवलं हुतं, पर बसत न्हाईत. म्हनत्यात, डुटीवर बसायचं नसतं."

मी आबांचा हात धरला. "चला आबा, घरी."

"पाळी सुटली न्हाई अजून."

"सुटली आबा," रसवंतीवाला म्हणाला. "जावा तुमी."

आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो ओशाळला. "भोंगा कुठं झालाय? भोंग्याबिगर सुटती का पाळी?"

आबा चरकाला टेकून उभे, मी त्यांचा हात धरून उभी, माझ्या केसांतली शिकेकाई वाळायला लागली. तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर ग्लास खाली ठेवून उठला. आपल्या ट्रकमध्ये चढला आणि हॉर्न दाबला. असा दाबला की कुत्री पळाली. दाबून ठेवला, ठेवला, मग सोडला.

"हां," आबा म्हणाले. "सुटली." आणि माझ्यापुढं चालायला लागले.

घरी येईपर्यंत माझा फोन चटईवर वाजून वाजून थकला होता. मी उचलला, तर दादा व्हिडिओवर होता. रडून बसल्यासारखे डोळे. आबा दिसल्यावर त्यानं एकदम मान खाली घातली. मग म्हणाला, "ताई, तुमची चूक नाही. पण मी आता पुण्याला फोन करतो. सोमवारी गाडी पाठवतील."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. किती दिवस मनात जुळवलं होतं. पण ज्या माणसानं माझ्या आईला डोळे दिले त्याच्यासमोर माझी जीभ जड होते. मी नुसती मान हलवत राहिले. हो ला हो.

आणि वाटी वाजली.

दादा तिकडून ओरडला, "काय जळतंय? ताई, गॅस!" मी फोन हातात घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. ओटा दाखवला. गॅसची बटणं दाखवली, एकेक. कढई दाखवली. देवघर दाखवलं. वर छत दाखवलं, स्वच्छ. ती बाई इंग्रजीत धूर धूर करत होती. मी फोन हॉलकडं वळवला तेव्हा पुढचं दार खट् करून उघडलं, आणि आबा, जे आत्ताच दमून खुर्चीत बसले होते, ते उठून शर्टाची बटणं लावत होते.

दादानं हे कॅमेऱ्यात आधी पाहिलं होतं, पण आवाजाशिवाय, नंतर, तुकड्यातुकड्यानं. त्याला आबा निघालेले दिसायचे. कशामुळं निघाले ते दिसत नव्हतं. मी सांगायचे, पण सांगणं वेगळं.

आबांनी माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं. "कोण हाय? टाइमकीपर का? सांगा त्याला, निघालोय म्हणावं."

दादा एरवी माझ्याशीसुद्धा पुस्तकातलं बोलतो. तो हळूच म्हणाला, "आबा, थांबा जरा. गाडी न्हाई आली अजून."

"न्हाई आली?"

"न्हाई. आली की सांगतो मी."

आबा खुर्चीत बसले. दादानं तिकडून आवाज बंद केला. घर एकदम इतकं शांत झालं की कानात शिट्टी वाजत राहिली. तो म्हणाला, "लहानपणी मी त्या भोंग्यावर उठायचो, ताई." मग म्हणाला, "कुलूप मी अलार्मपासून तोडतो. आता वाजला तरी दार उघडणार नाही. पुण्याचं... सध्या राहू दे."

"बरं दादा. लय उपकार झाले."

"पण खरीच आग लागली तर?"

"मी आहे ना. मी आकडे दाबीन."

म्हणजे मी आहे म्हणून. मी फोन ठेवला आणि मग ते लक्षात आलं. आता खरी आग लागली आणि मी बाहेर असले तर आबा आतच कोंडतील, म्हणजे दाराला सोडून कुठं जायची सोयच उरली नाही. आकडे मी दिवसभर मनात घोळवते. भाकरी थापताना, आबांची नखं काढताना. भीती अशी की खऱ्या धुरात तेच आठवायचे नाहीत.

वाट्या अजून वाजतात. दादा म्हणतो सध्या काढायला नकोत, एवढं पातेलं जळालं होतं. त्याचंही बरोबर आहे. आता त्या वाजल्या की दार मुकं राहतं, आणि आबा दारावर थापा मारतात. परवा तर दोन्ही हातांनी. मी दाराला पाठ लावून उभी होते, प्रत्येक थाप माझ्या खांद्याशेजारी.

"उघड! माणूस खोळंबलाय तिथं!"

"कोणता माणूस, आबा?"

"आधीच्या पाळीचा! मी गेल्याबिगर त्याला बॉयलर सोडता येत न्हाई. बदली आल्याबिगर कोण सोडतं का? त्याला घर न्हाई का? पोरंबाळं न्हाईत का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई वेळ झाला, बाई. त्यो उभा असंल."

इतके दिवस मला वाटायचं की आबांना कामावर जायचंय. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना कुणाला तरी सोडवायचंय. वर ती किंचाळत होती, दादाचा फोन लागत नव्हता, तिकडं तो मीटिंगमध्ये असेल. आबांचे हात लाल झाले होते. शेवटी ते थकले, भिंतीला टेकले आणि मला म्हणाले, "मला न्हाई सोडत तर तू जा. तू तरी जा. सांग त्याला, येतोय म्हणावं."

मी त्यांच्याकडं पाठ केली, अंगानं आकडे झाकले आणि दाबले. दार उघडलं. बाहेर गेले आणि ओढून घेतलं.

अंगणात ऊन होतं. आवाज दाराच्या आत राहिला होता, बारीक, दुसऱ्या कुणाच्या घरातला असल्यासारखा. कुंपणापाशी काकूंची लुगडी वाळत होती. मी पायरीवर उभी राहून श्वास घेतला. आणखी एक घेतला. फाटक उघडंच होतं. आई म्हणते तसं एक डाव तोंड दाखवून यायला या फाटकातूनच जावं लागतं, एवढं मनात आलं. मग आतली थाप थांबली, आणि थांबली म्हणूनच मला धसका बसला. मी वळून आकडे दाबले.

आबा दारासमोरच माझ्या चटईवर बसले होते. आवाज बंद झाला होता, दादानं बंद केला असावा.

"सांगितलं?"

"सांगितलं, आबा."

"काय म्हनला?"

"म्हणाला, निवांत या. मी थांबतो."

आबांनी मान हलवली. एकेक करून शर्टाची बटणं काढली. मग मला बसायला चटईवर जागा करून देत म्हणाले, "थांबंल त्यो. भला मानूस हाय. पर मानसाला असं लई थांबवून ठेवू न्हाई."